कापसाचा पट पुन्हा मांडलाय – पटखेळ तयार करणाऱ्यांशी बोलायचं आहे

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. कोरडवाहू शेती, कापूस आणि मधे तुरीच्या ओळी. पण आज बोलायचंय ते खेळाबद्दल, पटावर खेळायच्या आणि घरीच तयार केलेल्या खेळाबद्दल. लिहिणं लांबलंय, सवडीनं वाचा.

मला आणि माझ्या थोरल्या भावाला हा नाद लहानपणापासून. आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी ओट्यावर कोळशानं पाच बाय पाच घरांचा पट आखून अष्टाचंगा रंगायचा. चिंचोके दगडावर पाणी टाकून एका बाजूनं घासायचे, आतलं पांढरं दिसेपर्यंत. चार चिंचोके टाकले आणि चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव आपलाच. बाकीची पोरं नुसती खेळत. दादा खेळता खेळता नियम बदलायचा, तोही सगळ्यांना विचारून. "आतल्या फेरीत मेलेली सोंगटी घरी नाही पाठवाची, बाहेरच्या फेरीत सोडाची. पाहू काय होते थे." डाव फिसकटला की तो का फिसकटला यातच त्याचा जीव अडकायचा. जेवायला बसला तरी तेच.

पुढे दादा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, लागला. हंगामात रात्रपाळ्या, हंगाम सरला की मोकळा. माझं सासर माहेरापासून दोनच गावं पलीकडे, त्यामुळं उन्हाळ्यात तो वही घेऊन यायचा. अशाच एका उन्हाळ्यात आम्ही कापसाचा पट आखला आणि पुढची काही वर्षं तोच दुरुस्त करत राहिलो.

खेळ असा. मृग ते हस्त, पावसाची नऊ नक्षत्रं म्हणजे नऊ डाव. दर नक्षत्राला चिंचोके टाकायचे. एक पडला तर पावसाचा खंड, दोनला बेताचा पाऊस, तीनला चांगला, चारला झड आणि आठ पडले तर अतिवृष्टी. पहिला पेच पेरणीचा. मृगातच पेरायचं की आर्द्रेची वाट पाहायची? मृगात पेरलं आणि पाठोपाठ खंड पडला की दुबार पेरणी, बियाण्याचा पैसा दुसऱ्यांदा. मग निंदण, डवरणी, फवारणी; मजूर मिळाले तर ठीक, नाही तर शेजारच्या खेळाडूशी सावड करायची, म्हणजे त्यानं आपल्या कामाला यायचं आणि आपण त्याच्या. दसऱ्याला सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं की वेचणी सुरू. कापूस म्हणून आम्ही खरी सरकीच वापरतो, एक सरकी म्हणजे एक क्विंटल. आणि शेवटी विक्री. खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, आज देऊन रोख घ्यायचे, की घरात गंजी लावून भाव चढायची वाट पाहायची, की हमीभावाच्या केंद्रावर न्यायचा.

सगळं जमलं होतं, एकच सोडून. पहिल्या दोन वेच्यांत जो पुढे गेला तोच जिंकायचा. त्याच्याकडे पैसा, म्हणून मजूर त्याच्याकडे, म्हणून वेचणी वेळेवर, म्हणून पुन्हा पैसा. दादा म्हणायचा, "दिवाळीतच समजते कोन जिंकनार. मंग होळीपर्यंत कायले खेळाचं?" आम्ही भाव खालीवर करून पाहिले, मागच्याला फुकट मजूर देऊन पाहिले. फुकटचं दिलेलं त्याला अजिबात आवडेना. "असं कुठी असते?" वहीत त्यानं शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं: मागं पडलेल्याले काय हाये?

त्याच हंगामात दादा गेला. हृदयविकारानं, कामावरून घरी येऊन बसल्या बसल्या. घरात दोन लेकरं, वहिनी, आणि आमची आई अजून आहे.

वहिनीनं पट, वही, चिंचोके, सरकीची पुरचुंडी सगळं एका पत्र्याच्या डब्यात घालून माझ्याकडे दिलं. मी डबा उघडला नाही. मन रमव, कशात तरी रमव, असं सगळे सांगत होते. मी शिवणकाम वाढवलं, भजनात जाऊ लागले, हात सतत कामात ठेवले. पण खेळाचा विचार आला की अंगावर काटा यायचा. खेळ तयार करणं हे एकट्याचं काम मी कधी केलंच नव्हतं. मी काही मांडायचं आणि दादानं ते मोडायचं, मग त्यानं मांडायचं आणि मी मोडायचं, असंच ते होतं. मोडणारा गेला, तर मांडायचं कोणासाठी?

मागच्या जानेवारीत गावात फरदडीवरून भांडण झालं. ज्यांच्याकडे कापूस नाही त्यांच्यासाठी सांगते. शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटायची असते. पण विहिरीला पाणी असलं आणि भाव चढता असला की काही जण एक-दोन पाणी देऊन पीक तसंच ठेवतात, आणखी थोडा कापूस निघतो. तीच फरदड. गुलाबी बोंडअळीला हेच हवं असतं. ती बहुतेक कापसावरच जगते. डिसेंबर-जानेवारीत शेतं रिकामी झाली तर तिची साखळी तुटते, फरदड राहिली तर पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. २०१७ ला या अळीनं आमच्या जिल्ह्याचं काय केलं ते इथं कोणालाही विचारा. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत डागाळलेली कवडी आणि अळी. कृषी सहायक घरोघरी सांगून गेले होते, उपटा. आम्ही उपटली. धुऱ्यापलीकडच्यानं, म्हणजे बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यानं, ठेवली. त्याचं यंदा फार कमी पिकलं होतं, दोन वेचे त्याला हवेच होते. घरी आले तेव्हा आमचे हे रागानं लाल झाले होते. "आपण उपटून काय फायदा? त्याची अळी धुरा पाहून थांबते काय?"

मी चुलीजवळ बसून ऐकत होते आणि एकदम लख्ख झालं. मागं पडलेल्याला काय आहे? फरदड आहे! तीच त्याला वर काढते, आणि तीच पुढच्या वर्षी सगळ्यांना खाली ओढते.

त्या रात्री डबा उघडला. हे दादाला सांगायचं होतं, म्हणून वहीत त्याच्या प्रश्नाच्या खाली उत्तर लिहिलं. लिहिलं आणि त्याचा पुढचा प्रश्नही मला आलाच: "मंग सारेच फरदड ठेवतीन की." त्याचं उत्तर शोधायला बसले ते पहाटेपर्यंत. खूप रडले त्या रात्री, आणि खूप आनंदातही होते. दोन्ही एकदम होतं हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून रोज दुपारी पट मांडते. आता खेळ एका वर्षाचा नाही, तीन वर्षांचा आहे. दर वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं मुठीत एक सरकी धरायची: साधी म्हणजे उपटली, कुंकवानं रंगवलेली म्हणजे फरदड. सगळ्यांनी मुठी एकदम उघडायच्या. फरदड ठेवणाऱ्याला लगेच दोन क्विंटल. पण ती रंगीत सरकी सगळ्यांच्या मिळून एका थैलीत जाते, आणि पुढच्या वर्षी बोंडं भरायच्या वेळी प्रत्येकाला त्या थैलीत हात घालावा लागतो. रंगीत आली की अर्धा वेचा गेला, मग त्यानं स्वतः उपटली असो की नसो.

खेळाचं नावही तेच ठेवलंय, फरदड.

इथं कोणी खेळ तयार करतं का? मला मोडणारी माणसं हवी आहेत. गोड बोलू नका, खेळ कुठे फसेल ते सांगा.

---

मधली_सुट्टी

पऱ्हाटीताई, वाचता वाचता दोनदा थांबलो. भाऊ गेल्याचं दुःख आहेच, पण तुम्ही मोडायला सांगितलंय म्हणून सरळ मोडायलाच लागतो. मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो.

चार चिंचोक्यांची दानं सारखी पडत नाहीत. प्रत्येक चिंचोका काळा किंवा पांढरा सारख्याच शक्यतेनं पडतो असं धरलं तर एकूण १६ प्रकार होतात. त्यात एक ४ वेळा, दोन ६ वेळा, तीन ४ वेळा, चार १ वेळा आणि आठ १ वेळा. म्हणजे बेताचा पाऊस सर्वांत जास्त, झड आणि अतिवृष्टी क्वचित. विदर्भाच्या पावसाला हे बरंच जुळतं, साध्या फाशापेक्षा नक्कीच चांगलं. पण घासलेला चिंचोका एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं फुगीर असतो, त्यामुळं तो सारखा पडेलच असं नाही. माझ्या सहावीच्या पोरांकडून तुमच्यासारखे चिंचोके शंभर वेळा टाकून घेतो आणि आकडे देतो.

आता खरी अडचण. तिसरं वर्ष शेवटचं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मग तिसऱ्या वर्षी कोण उपटेल? पुढच्या वर्षी अळी येणार, पण पुढचं वर्षच नाही. सगळे फरदड ठेवणार. आणि तिसऱ्या वर्षी सगळे ठेवणारच हे दुसऱ्या वर्षी माहीत असलं, तर दुसऱ्या वर्षी तरी कोण कोणावर विश्वास ठेवेल?

---

पऱ्हाटी

सर, अगदी इथंच दादा बोट ठेवून बसला असता. तिसऱ्या वर्षी घरातल्या सगळ्यांच्या मुठीत लालच निघतं. मी शेवटच्या फरदडीला दंड लावून पाहिला, पण तो शाळेतल्या शिक्षेसारखा वाटतो. खऱ्या गावात दंड कोण करतं?

---

मधली_सुट्टी

दंड नको. शेवट कधी आहे हेच कळू देऊ नका. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षअखेर आधी मुठी उघडायच्या आणि मग चिंचोके टाकायचे. एक पडला तर खेळ संपला, नाही तर आणखी एक वर्ष. एक पडायची शक्यता १६ पैकी ४. शेतकऱ्याला कुठं माहीत असतं की हा शेवटचा हंगाम आहे?

---

जिनिंग_अड्डा

ताई, मी बी जिनिंगातलाच मानूस. तुमच्या दादासारखे रात्रपाळीत काही ना काही डोक्यात घेऊन बसणारे लोकं पाह्यले हायेत मी. मन भरून आलं वाचून.

विक्रीचं तुमचं थोडं सुदं वाटते. पयल्या वेच्याचा कापूस ओला असते. हमीभावाच्या केंद्रावर ८ टक्क्यापर्यंत ओल असली तर पुरा भाव, ८ ते १२ मंधात कपात, १२ च्या वर घेतच नाई. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याले ८११० अन् मध्यम धाग्याले ७७१० रुपये होता, पन थो कागदावरचा भाव झाला. ओला कापूस घेऊन गेला मानूस का परत फिरते, भाड्याचे पैसे अंगावर. म्हनून तर खेडा खरेदीवाल्याचं फावते. घरात ठेवला तर वाळते, भाव पुरा मिळते, पन वजन घटते. अन् घरात कापूस असला का लेकरायच्या अंगाले खाज सुटते थे येगळंच.

तर असं करा. वेचल्यावर लगेच केंद्रावर नेला तर चिंचोके टाकाचे, एक किंवा दोन पडले तर ओल जास्त, माल वापस. एक डाव घरात ठेवला तर चिंचोके नाई टाकाचे, माल घेतलाच जाईन, पन दर पाच सरकीमागं एक सरकी कमी. खरी घट येवढी नसते, पन खेळात टोचली पायजे.

---

पऱ्हाटी

भाऊ, हे सोन्यासारखं आहे. दादाच्या वहीत "ओल?" एवढाच शब्द एका कोपऱ्यात आहे, पुढे काही नाही. त्याच्या मनात हेच असणार, कारण रोज कापूस हातात घेऊन ओल ओळखणारा माणूस तो. आज दुपारीच घालून पाहते.

---

कवडी

पऱ्हाटी, मी नागपूरला असतो आणि गेली बरीच वर्षं बोर्डगेम गोळा करतो. तुम्ही ज्या अडचणीत अडकला होता, पुढे गेलेला पुढेच जात राहतो, ती जगभरातल्या खेळ तयार करणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. १९९५ साली आलेल्या कॅटान या खेळात क्लाउस टॉयबरनं त्यावर एक वाट काढली: व्यापार खेळाडूंनी आपसात करायचा. जो पुढे असतो त्याच्याशी बाकीचे देवाणघेवाण करायचं बंद करतात, त्यामुळं नियमानं न अडवताही तो अडतो. हा टॉयबर व्यवसायानं दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता आणि घरच्या तळघरात बसून खेळ तयार करायचा. म्हणून घरी, कामातून वेळ काढून करतेय याचा तुम्ही मुळीच संकोच करू नका. तुमच्या खेळात सावड आहेच. पुढे असलेल्याशी सावड नाकारायची मुभा आहे का?

दुसरं. मोनोपॉलीच्या मुळाशी जो खेळ होता तो एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकी बाईनं तयार केला, १९०४ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. जमीनमालकाकडे भाडं कसं साचत जातं आणि बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना हातानं खेळून कळावं म्हणून. आपल्याकडचा 'व्यापार' नावाचा पटखेळ त्याच घराण्यातला. तुमची फरदड मला तिच्या जवळची वाटते. तिनं जे जमिनीबद्दल दाखवलं ते तुम्ही धुऱ्याबद्दल दाखवताय.

एक विचारू? सगळ्यांनी मिळून अळीविरुद्ध खेळायचा असा का नाही करत? २००८ साली आलेल्या पॅंडेमिक या खेळासारखा, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

---

पऱ्हाटी

सावड नाकारता येते, आणि घरात त्यावरून भांडणंही होतात. सासूबाई अजून रुसून आहेत.

सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ मी विचारात घेतला होता. पण गावात सगळे एका बाजूनं नसतात ना. प्रत्येकाला स्वतःचं घर चालवायचं असतं, आणि शेजाऱ्याचं वाईट करायचं कोणाच्याच मनात नसतं, तरी ते होतं. मला तेच हवं आहे. धुऱ्यापलीकडच्या त्या माणसाला वाईट ठरवायचं नाही. खेळताना प्रत्येकाला एकदा तरी त्याच्या जागी बसावं लागतं. आमचे हे पहिल्यांदा खेळले तेव्हा मागे पडले आणि त्यांनीच फरदड ठेवली! मग बराच वेळ गप्प होते.

---

वैनगंगाकाठ

मी भंडाऱ्याची, आमच्याकडे धान. मला हे लिहावंसं वाटतंय, राग मानू नका. माझ्या मामांनी कर्जापायी जीव दिला. कापूस, सावकार, नापिकी यावर खेळ, ही कल्पना वाचून आधी पोटात कालवलं. आमच्या दुःखाचे चिंचोके करून कोणी शहरात पार्टीला खेळणार असेल तर मला ते सहन होणार नाही. तुमच्या खेळात कर्ज आहे का? आणि कर्ज फिटलं नाही तर माणसाचं काय होतं?

---

पऱ्हाटी

ताई, राग कशाचा. तुम्ही विचारलंत ते बरं झालं. यावर मी आणि दादा फार पूर्वी बोललो होतो.

कर्ज आहे. बँकेचं आहे, सावकाराचंही आहे. पण कर्ज झालं म्हणून आमच्या खेळात कोणी पटावरून उठत नाही. दादाचा हा एकच नियम होता जो त्यानं मला कधी मोडू दिला नाही. अष्टाचंगात मेलेली सोंगटी पुन्हा बसते, मग इथं माणूस कसा बाहेर काढायचा, असं तो म्हणायचा. ज्याचं सगळं गेलं तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं वेचायला जातो आणि वेचलेल्या कापसातला वाटा घेऊन पुन्हा पेरतो. तो खेळात राहतो आणि जिंकूही शकतो. जिनिंगमध्ये त्याच्यासोबत काम करणाऱ्या एकाच्या घरी तसं झालं होतं. त्यानंतर त्यानं खेळातल्या सावकाराच्या चिठ्ठीवरचं "जप्ती" हे अक्षर खोडलं, ते खोडलेलं अजून तसंच आहे. चिठ्ठी मी बदलली नाही.

शहरात कोण कसं खेळेल हे माझ्या हातात नाही. पण तुम्हाला एखादी ओळ, एखादं चित्र टोचलं तर सांगा, मी काढून टाकीन.

---

वैनगंगाकाठ

वाचलं. मामी आणि तिच्या सुनेला वाचून दाखवलं. मामी म्हणाली, मजुरीवाला नियम ठेवा, तो खरा आहे. ती स्वतः चार वर्षं दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जात होती. आता तिच्या धानाचा खेळ कोण करतं म्हणून विचारतेय.

---

आर्वीची_लेक

आई गेल्यापासून मी घरातला सारीपाट कापडातून बाहेर काढला नव्हता. आई कवड्या टाकताना हात कानाजवळ नेऊन खुळखुळवायची. हा धागा वाचून काल काढला आणि नवऱ्याला शिकवला. बाकी काही लिहिता येत नाही आत्ता. पऱ्हाटी, तुमचा खेळ मला हवा आहे.

---

मधली_सुट्टी

आकडे आले. पोरांनी घासलेले चार चिंचोके शंभर वेळा टाकले. पांढरी सपाट बाजू वर जास्त येते, त्यामुळं तीन अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळा पडला आणि एक कमी. म्हणजे तुमच्या पटावर पाऊस खऱ्यापेक्षा चांगला पडतोय! उपाय सोपा आहे: चिंचोके कमी घासा, नुसता टवका निघेल एवढेच. नाही तर तीनला बेताचा आणि दोनला चांगला अशी अदलाबदल करा.

शनिवारी दप्तराविना शाळा होती, तेव्हा चार गट करून खेळ लावला. तीन गटांत दुसऱ्या वर्षी थैली लाल झाली आणि सगळे रडकुंडीला आले. चौथ्या गटात एका मुलीनं मुठी उघडायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, मी उपटणार आहे, आणि ज्याचं सर्वांत कमी पिकलंय त्याला मी माझी एक सरकी देते, त्यानंही उपटावी. त्यानं उपटली. त्या वर्षी त्या गटात एकही लाल निघाली नाही. पण नियमात सरकी देण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून बाकीच्या गटांनी तक्रार केली. असं देता येतं का? तुम्ही सांगाल तसं पोरांना सांगतो, ती उत्तराची वाट पाहून राहिली आहेत.

---

पऱ्हाटी

सर, देता येतं. आजच नियमात लिहिते: मुठी बंद करायच्या आधी कोणीही कोणालाही कितीही सरकी देऊ शकतो, बोलणी उघड करायची, आणि घेणाऱ्यानं शब्द पाळलाच पाहिजे असं बंधन नाही. सरकी घेऊनही त्यानं फरदड ठेवली तर ठेवली. हे शेवटचं वाक्य पोरांना नीट वाचून दाखवा आणि मग पुन्हा खेळवा. त्या मुलीनं दुसऱ्यांदाही दिली का, ते मला नक्की कळवा.

कवडी, तुमच्यासाठी आणि आर्वीच्या ताईंसाठी पटाचा आराखडा आणि नियमांचं पान उद्या इथंच टाकते. कागद साधा चालेल. सरकी मात्र खरीच घ्या, कोणत्याही जिनिंगमध्ये मूठभर मागितली तर कोणी नाही म्हणत नाही.